वेगळे झालेल्या आईबापांचं मुलाच्या लसीवरून अडलं तर: इंग्लंडच्या फॅमिली कोर्टात काय होतं आणि आपण काय करायचं

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा ती जीपीच्या, म्हणजे इकडच्या फॅमिली डॉक्टरच्या, पार्किंगमध्ये गाडीतच बसली होती. आत पोराला मांडीवर घेऊन बसलेली, पोराची बाही वर केलेली, आणि नर्सने स्क्रीनकडे बघून विचारलं की बाळाच्या बाबांचा ईमेल आलाय, त्यांची एमएमआरला (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) संमती नाही, तुम्हाला कल्पना आहे का. झालं, इंजेक्शन परत ट्रेमध्ये आणि ही परत गाडीत. नवऱ्यापासून वेगळी होऊन आठ महिने झाले होते, घटस्फोटाचं चालूच होतं, त्यात हे नवीन.

तिला वाटलं नर्सने आगाऊपणा केला. तसं नव्हतं. इकडे लस देणारे सगळे ज्या सरकारी पुस्तकावर चालतात, ज्याला ग्रीन बुक म्हणतात, त्यात सरळ लिहिलंय की एरवी एका पालकाची संमती पुरते, पण एक हो म्हणतोय आणि दुसरा नाही म्हणतोय असं कळलं तर दोघांचं एकमत होईपर्यंत किंवा ही लस मुलाच्या हिताची आहे असं कोर्टाने सांगेपर्यंत द्यायची नाही. म्हणजे गंमत बघा, नाही म्हणणाऱ्याला एक ईमेल पुरतो आणि कोर्टाची पायरी चढायचं काम हो म्हणणाऱ्याच्या गळ्यात. जीपीशी भांडून यात काही होत नाही, त्याचे हात बांधलेले असतात.

मी वकील नाही. तिच्याबरोबर बसून फॉर्म भरले, जुने निकाल वाचले, तारखेला बाहेरच्या बाकावर बसले, त्यातून जे समजलं ते इथे लिहितेय. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, नॉर्दर्न आयर्लंडचा वेगळा. मूल पुण्या-मुंबईत असेल तर त्याचं थोडं पुढे लिहिलंय.

आधी कोर्टाचा कल कुठे आहे ते बघून घ्या

इकडे लहान मुलांच्या लसी सक्तीच्या नाहीत. त्यामुळे "सक्ती नाही तर कोर्ट कसं काय सांगणार" असा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की कोर्ट सरकारच्या वतीने सक्ती करत नाही, दोन पालकांना सारखाच अधिकार आहे आणि त्यांचं जमत नाहीये म्हणून त्यांच्या जागी बसून एक निर्णय देतं. चिल्ड्रन अॅक्ट १९८९ च्या पहिल्याच कलमात लिहिलंय की मुलाचं हित सगळ्यात वर. आईचा हक्क नाही, बापाचा हक्क नाही, कोण कोणाशी कसं वागलं हेही नाही.

लसीवरून आईबाप कोर्टात जायची ही गोष्ट जुनी आहे. २००३ साली दोन वेगवेगळ्या घरांतले बाप एकाच वेळी कोर्टात होते, मुली एक चार वर्षांची आणि एक दहा, दोन्हीकडे आईचा विरोध. कोर्टाने लसी द्यायला सांगितल्या आणि अपील कोर्टानेही तेच कायम ठेवलं. याच निकालापासून लस हा विषय त्या मोजक्या मोठ्या निर्णयांत गेला जे एका पालकाने दुसऱ्याच्या विरोधात एकट्याने घ्यायचे नसतात. म्हणून गुपचूप दुसऱ्या क्लिनिकमध्ये नेऊन देऊन टाकू हा शॉर्टकट अंगाशी येऊ शकतो. लस मिळेलही, पण मग मुलाचा ताबा, भेटी वगैरे मोठ्या वादात तुम्ही "विश्वास न ठेवण्यासारखे" ठरता.

२०१३ चा एफ विरुद्ध एफ हा निकाल मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला. मुली पंधरा आणि अकरा वर्षांच्या, दोघीही एमएमआर नको म्हणत होत्या, मोठी तर व्हीगन होती आणि लसीत काय काय घातलेलं असतं यावर तिचा आक्षेप होता. आणि बापाने पूर्वी स्वतःच आईबरोबर ठरवलं होतं की द्यायची नाही, कारण तेव्हा एमएमआरचा ऑटिझमशी संबंध जोडणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरच्या पेपरचा गोंधळ चालू होता. तो पेपर १९९८ चा, जेमतेम बारा मुलांवरचा. २०१० मध्ये तो मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचं नाव डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढलं. बापाने मत बदललं आणि कोर्टाने लस द्यायला सांगितलं. म्हणजे "आपलं ठरलं होतं ना" हा मुद्दा कोर्टात फार टिकत नाही, माणूस मत बदलू शकतो.

मग २०२० मध्ये दोन निकाल आले आणि त्यांनी रस्ता जवळपास सरळ करून टाकला. मे महिन्यात री एच, त्यात अपील कोर्टाच्या लेडी जस्टिस किंग यांनी म्हटलं की लसी सक्तीच्या नसल्या तरी त्या मुलाच्या बाबतीत काही खास वैद्यकीय अडचण नसेल तर ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे लस घेणं हेच मुलाच्या आरोग्याच्या हिताचं आहे हे विज्ञानाने आता स्पष्ट झालंय. ती केस काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, ताब्यातल्या मुलाची होती. डिसेंबरमध्ये एम विरुद्ध एच मध्ये जस्टिस मॅकडोनल्ड यांनी तोच विचार वेगळे झालेल्या आईबापांना लावला. बापाचा अर्ज आधी फक्त एमएमआरचा होता, नंतर त्याने एनएचएसच्या (इकडची सरकारी आरोग्यसेवा) अख्ख्या वेळापत्रकासाठी मागणी केली, ती मिळाली. पण त्याने प्रवासाच्या लसी आणि कोविडची लसही मागितली होती, ती नाही मिळाली. लसींवर शंका म्हणून नाही, तर कुठल्या देशात कधी जाणार ते माहीत नाही, कोविडची मुलांसाठीची लस अजून ठरलेली नाही, मग हवेतल्या प्रश्नावर ऑर्डर कशी काढायची.

माझ्या मते या सगळ्यात शिकायची गोष्ट हीच आहे. कोर्ट छोट्या, नेमक्या प्रश्नाला पटकन उत्तर देतं. या मुलाला, ही लस, या तारखेपर्यंत, हो की नाही. तुम्ही जेवढं पसरवाल तेवढं लांबेल.

पहिली पायरी: नक्की कशावर अडलंय ते शोधा

हे लोक करतच नाहीत. "त्याचा लसीला विरोध आहे" एवढंच म्हणतात. खोदून विचारलं की निम्म्या वेळा काहीतरी भलतंच निघतं, आणि आपल्या मराठी घरांत तर काही गोष्टी ठरलेल्याच असतात.

एक म्हणजे "इंडियात झालंय सगळं". मूल तिकडे जन्मलं किंवा वर्षभर आजीकडे राहिलं, तिकडच्या माता-बाल संरक्षण कार्डावर शिक्के आहेत, मग इथे परत कशाला टोचायचं. पण आपल्या सरकारी कार्यक्रमात नऊ महिन्यांनंतर जी देतात ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला, त्यात गालगुंड नाही. खाजगी पेडिअॅट्रिशियनकडे एमएमआर मिळते ती वेगळी. शिवाय इकडचा नियम असा की पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला गोवराचा डोस धरायचाच नाही. तेव्हा नवव्या महिन्याचा शिक्का असला तरी इकडची नर्स दोन डोस पुन्हा मागणार आणि तिचं बरोबर आहे. यात कोणी कोणाला फसवत नाहीये, दोन देशांची वेळापत्रकं वेगळी आहेत इतकंच. कार्ड मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून जीपीला द्या आणि काय झालंय, काय राहिलंय याची यादी लेखी मागा. ती यादी हातात आली की बरीच भांडणं तिथेच विझतात.

दुसरं जिलेटिन. मुलांची नाकात मारायची फ्लूची लस असते त्यात डुकराचं जिलेटिन असतं, आणि एमएमआरच्या दोन ब्रँडपैकी एमएमआरव्हॅक्सप्रोमध्ये असतं, प्रायोरिक्समध्ये नसतं. २०२६ च्या सुरुवातीपासून इंग्लंडमध्ये कांजिण्या धरून चार-इन-वन एमएमआरव्ही सुरू झालीय, तिथेही तसंच, प्रोक्वाडमध्ये आहे, प्रायोरिक्स-टेट्रामध्ये नाही. कट्टर शाकाहारी घरात हा खरा आक्षेप असू शकतो आणि त्याला कोर्ट नको, सर्जरीला, म्हणजे जीपीच्या दवाखान्यात, एक फोन करून बिनजिलेटिनवाली मागवा म्हटलं की झालं. ज्याचा आक्षेप खरंच जिलेटिनवर होता तो इथे थांबतो, ज्याचा नव्हता तो दुसरं कारण काढतो, आणि हेही कळलेलं बरं.

तिसरं बीसीजी, म्हणजे टीबीची लस. ती इकडे सगळ्यांना देत नाहीत, पण ज्या बाळाचे आईबाप किंवा आजीआजोबा टीबी जास्त असलेल्या देशात जन्मले त्यांना देतात, आणि भारत त्यात येतो. एका बापाला वाटलं होतं की आपण ब्राउन म्हणून आपल्याच पोराला जास्तीची सुई देतायत. तसं नाही, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचा विचार करून आहे ते.

चौथं होमिओपॅथी. "आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, त्याच लसीचं काम करतात." यावर कोर्टात वेळ घालवू नका, तिथे हे चालत नाही. अंड्याची अॅलर्जीही तशीच, एमएमआर अंड्याची अॅलर्जी असलेल्या मुलांना देता येते, जीपी लेखी देईल.

आणि पाचवं, जे कोणी कबूल करत नाही, ते म्हणजे लसीचा काहीच प्रश्न नसतो, मेंटेनन्सचा किंवा वीकएंडचा राग असतो. तसं असेल तर लसीवर कितीही पेपर दाखवा, उपयोग शून्य.

मग लेखी विचारा, आणि फोनवर नाही

एक साधा ईमेल करा. कुठली लस, कधी द्यायची होती, जीपीने काय सांगितलं, आणि तुझा आक्षेप नेमका काय आहे ते दोन आठवड्यांत कळव. बस. त्यात जुनं काही उकरू नका, कारण हा ईमेल उद्या जजसमोर जाणार आहे असं धरूनच लिहायचा. मैत्रिणीने पहिला जो लिहिला होता तो मी पाठवूच दिला नाही, त्यात सासूबाई तीनदा आल्या होत्या. जीपी किंवा हेल्थ व्हिजिटरकडे (लहान मुलांच्या घरी येणारी नर्स) दोघांनी मिळून एक अपॉइंटमेंट घेऊ असंही त्यात लिहा, दुसरा आला नाही तरी तुम्ही बोलावलं होतं हे कागदावर राहतं.

याच काळात कागद जमवा. रेड बुक (मुलाच्या आरोग्याची नोंदवही), जीपीकडची लसींची नोंद, इंडियातलं कार्ड, अॅलर्जी किंवा जुन्या आजाराची पत्रं, आणि जीपीचं दोन ओळींचं पत्र की या मुलाला लस न देण्यासारखं वैद्यकीय कारण नाही. हे शेवटचं पत्र सोन्याचं. दहा रिसर्च पेपरपेक्षा त्याची किंमत जास्त आहे, कारण कोर्टाला विचारायचं असतं ते याच मुलाबद्दल.

पेरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी आहे का ते तपासा

म्हणजे मुलाबद्दल निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार. आईला ती आपोआप असते. बापाला लग्न झालेलं असेल तर असते, आणि लग्न नसेल पण १ डिसेंबर २००३ नंतर इकडच्या जन्मनोंदणीत त्याचं नाव असेल तरी असते. बहुतेकांना दोघांनाही असते. आजी-आजोबांना नसते, मग ते कितीही मूल सांभाळत असोत, आणि त्यांनी जीपीला फोन करून "आमचा विरोध आहे" सांगितलं तर त्याला अर्थ नाही.

मेडिएशनची मीटिंग

कोर्टात अर्ज करायच्या आधी मायम नावाची एक मीटिंग करावी लागते, २०१४ पासून कायद्यानेच. ती मेडिएशन (मध्यस्थाबरोबर बसून तोडगा काढणं) नव्हे, मेडिएशन तुम्हाला जमेल का हे बघणारी मीटिंग आहे, आणि ती एकट्याने करता येते, समोरचा आला नाही तरी मेडिएटर सही करून देतो आणि तुम्ही पुढे जाऊ शकता. घरगुती हिंसा झालेली असेल किंवा खरंच तातडी असेल तर यातून सूट आहे, पण त्याचा पुरावा लागतो. खर्चासाठी ५०० पौंडांपर्यंतचं सरकारी व्हाउचर मिळत आलंय, चालू आहे का ते मेडिएटरलाच विचारा.

लसीच्या बाबतीत मेडिएशन कधीकधी चांगलं चालतं, कारण मधलं काही निघू शकतं, म्हणजे सगळ्या लसी एका दिवशी नको, किंवा बाप स्वतः तिथे हजर राहील, किंवा जीपीशी तो स्वतः बोलेल. "अर्ध्या लसी तुझ्या, अर्ध्या माझ्या" असली तडजोड मात्र करू नका, ती मुलाच्या काही कामाची नाही.

अर्ज: सी१०० आणि कुठली ऑर्डर मागायची

फॉर्म एकच, सी१००. ऑनलाइन भरता येतो. फी अडीचशे पौंडांच्या वर आहे, उत्पन्न कमी असेल तर फीमध्ये सवलतीचा वेगळा अर्ज असतो, तो नक्की करून बघा, लोक लाजतात उगाच. तुमची घटस्फोटाची किंवा पैशांची केस आधीच चालू असेल तरी मुलांचा हा अर्ज वेगळा आहे. मुलांचीच केस चालू असेल तर मात्र नवीन सी१०० नको, त्यातच सी२ फॉर्म भरून हा मुद्दा घालता येतो.

मागायची ती स्पेसिफिक इश्यू ऑर्डर, म्हणजे एका ठराविक प्रश्नावर निर्णय द्या. उलट बाजूने, लस देऊच नये असं वाटत असेल तर प्रोहिबिटेड स्टेप्स ऑर्डर. दोन्ही चिल्ड्रन अॅक्टच्या कलम ८ खाली येतात.

फॉर्ममध्ये कारण लिहायला जागा असते तिथे पाच-सहा वाक्यं पुरतात. मूल किती वर्षांचं, कुठल्या लसी राहिल्यात, जीपी काय म्हणतो, समोरच्याचा आक्षेप काय, तुम्ही काय प्रयत्न केले. मोठं स्टेटमेंट, चाळीस पानांचे पुरावे आताच जोडू नका. पहिल्या तारखेच्या आधी कोर्टाने सांगितल्याशिवाय स्टेटमेंट द्यायचंच नसतं, तयार ठेवा फक्त. हिंसा किंवा धोका असेल तर सी१ए हा वेगळा फॉर्म जोडा. दुभाषा हवा का हेही फॉर्ममध्ये विचारतात, मराठी दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे आपल्याला द्यावे लागत नाहीत. इंग्लिश येत असलं तरी कोर्टात घाबरून शब्द सुचत नाहीत असं होतं, तेव्हा मागायला काही कमीपणा नाही, फक्त भावाला किंवा मैत्रिणीला दुभाषा म्हणून नेऊ नका, कोर्ट चालवून घेत नाही.

समोरच्या पक्षाला अर्ज मिळाला की त्याने सी७ फॉर्म भरून उत्तर द्यायचं असतं, १४ दिवसांत. पहिल्या सुनावणीआधी एफएम५ नावाचा आणखी एक फॉर्म येतो ज्यात तुम्ही कोर्टाबाहेर मिटवायला काय केलं ते लिहायचं. तो दोन आठवड्यांचा ईमेल आठवतोय? तो इथे कामाला येतो.

कॅफकॅसचा फोन

कॅफकॅस ही मुलांच्या बाजूने बघणारी संस्था, वेल्समध्ये कॅफकॅस कम्री. पहिल्या तारखेआधी ते पोलीस आणि काउन्सिलकडे चौकशी करतात, दोघांनाही फोन करतात आणि कोर्टाला एक पत्र देतात. काही भागांत आता नवीन पद्धत सुरू झालीय, तिथे सुरुवातीलाच मुलावर काय परिणाम होतोय याचा रिपोर्ट करतात.

या फोनचा लोक फार धसका घेतात. ते लसीवर तुमची परीक्षा घेत नाहीत. मूल सुरक्षित आहे का, भांडणात ते सापडलंय का, एवढंच बघतात. समोरच्याबद्दल बोलताना "त्याला मुलाची काळजी आहे, पण या एका गोष्टीवर आमचं जमत नाही" असं खरंच वाटत असेल तर तसं बोला, चांगलं दिसतं आणि बहुतेक वेळा खरंही असतं.

तारखेच्या दिवशी

पहिली सुनावणी बहुतेक छोटी असते. समोर मॅजिस्ट्रेट असतील किंवा डिस्ट्रिक्ट जज. मॅजिस्ट्रेटना सर, मॅडम, आणि डिस्ट्रिक्ट जजना फक्त "जज" म्हणायचं, आपल्याकडचं मिलॉर्ड विसरा. सॉलिसिटर, म्हणजे वकील, परवडत नसेल तर स्वतः उभं राहता येतं, खूप लोक तसंच करतात, आणि मदतीला एक माणूस शेजारी बसवता येतो ज्याला मॅकेन्झी फ्रेंड म्हणतात, तो तुमच्या वतीने बोलू शकत नाही पण नोट्स घेतो, कानात सांगतो. एक-दोन पानांचं पोझिशन स्टेटमेंट, म्हणजे आपली बाजू थोडक्यात, लिहून न्या. मैत्रिणीच्या पानावर सगळ्यात वर एकच वाक्य होतं, कुठली लस आणि कधीपर्यंत.

पुष्कळ केसेस इथेच मिटतात. समोरच्याला जज शांतपणे विचारतात की या मुलाबाबत काही वैद्यकीय कारण आहे का, त्याच्याकडे काही नसतं, आणि मग बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये दहा मिनिटांत संमतीने ऑर्डर लिहिली जाते. नाही मिटलं तर दोघांची स्टेटमेंट, जीपीची नोंद, कधी कॅफकॅसचा रिपोर्ट, आणि मग अंतिम सुनावणी. यात महिने जाऊ शकतात. साथ चालू असेल तर लवकरची तारीख मागा, कायद्यातच लिहिलंय की उशीर हा मुलाच्या हिताला बाधक धरायचा. २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये गोवराच्या २,९११ केसेस लॅबने पक्क्या केल्या होत्या, त्यामुळे हा काही पुस्तकी मुद्दा नाही.

एक्स्पर्ट डॉक्टर बोलवायचा का? साधारणपणे नाही. एक्स्पर्टसाठी कोर्टाची परवानगी लागते आणि "गरज" दाखवावी लागते. री एच नंतर, मुलात काही खास वैद्यकीय गोष्ट नसेल किंवा खरोखर विश्वासार्ह नवीन संशोधन नसेल तर कोर्ट त्यात पडत नाही. खर्चाबद्दल, मुलांच्या केसमध्ये बहुतेक ज्याचा त्याने सोसायचा.

तुम्ही विरोध करणारे असाल तर

हे पण वाचणाऱ्यांत असतील, त्यांच्यासाठी सरळ सांगते. मुलाला आधीच्या डोसला गंभीर अॅलर्जिक रिअॅक्शन आली असेल, रोगप्रतिकारशक्तीचा आजार असेल, ती शक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर ते स्पेशालिस्टच्या पत्रासकट मांडा, कोर्ट शंभर टक्के ऐकतं. "बाळ सध्या आजारी आहे, थोडं थांबा" हेही ऐकतं. यूट्यूबच्या लिंका, फॉरवर्ड, अमेरिकेतल्या कुठल्यातरी डॉक्टरचं भाषण, यावर २००३ मध्येच अपील कोर्टाच्या एका जजने जंक सायन्स असा शब्द वापरलाय, तेव्हापासून त्यांचं वजन वाढलेलं नाही. हरायचंच असेल तर निदान संमतीने ऑर्डर करून त्यात आपल्याला हवं ते मागा, म्हणजे मी हजर असेन, ब्रँड हा असेल, दोन अपॉइंटमेंटमध्ये अंतर असेल. ते मिळतं.

मूल मोठं असेल तर

बारा-तेराव्या वर्षी शाळेत एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसारख्या आजारांपासून वाचवणारी लस) देतात, चौदाच्या आसपास टिटॅनस-डिप्थेरिया-पोलिओचा बूस्टर आणि मेनिंजायटिसची लस. या वयात प्रश्न बदलतो. मुलाला सगळं नीट समजत असेल तर सोळाच्या आधीही ते स्वतः संमती देऊ शकतं, याला गिलिक कॉम्पिटन्स म्हणतात, १९८५ च्या निकालावरून. शाळेची नर्स तशी खात्री करून लस देऊही शकते. सोळा पूर्ण झाली की ते स्वतःच ठरवतं आणि अगदी अपवाद सोडला तर कोर्ट अशी ऑर्डर काढतही नाही. पण लहान मुलाने नाही म्हटलं की झालं असंही नाही, वरच्या एफ विरुद्ध एफमध्ये पंधरा वर्षांच्या मुलीचं ऐकून घेतलं आणि तरी उलट निर्णय दिला, कारण तिचं मत घरातल्या वातावरणातून आलंय असं कोर्टाला दिसलं. मुलाला पढवू नका. कॅफकॅसवाल्यांना ते पाच मिनिटांत कळतं.

ऑर्डरमध्ये काय लिहून घ्यायचं

इथे घाई करू नका, कारण मोघम ऑर्डर म्हणजे परत भांडण. लसींची नावं, कुठल्या तारखेपर्यंत, कोण नेणार, आणि त्याने त्या तारखेपर्यंत नेलं नाही तर दुसरा नेईल. ऑर्डरची कॉपी जीपीला देता येईल हे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर गोपनीयतेच्या नियमामुळे तुम्ही अडता. वेळापत्रकातले पुढचे डोसही त्यात घ्या, दर वर्षी कोर्टात जायचंय का. अपील करायचं तर २१ दिवसांत, पण अपील केलं म्हणून ऑर्डर आपोआप थांबत नाही.

आणि गोपनीयतेवरून आठवलं, कोर्टातले कागद मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मुलांच्या केसची माहिती अशी पसरवणं हा कोर्टाचा अवमान ठरू शकतो, "फक्त आपल्याच लोकांत" टाकलं तरी.

मूल महाराष्ट्रात असेल तर

मूल जिथे नेहमी राहतं तिथलं कोर्ट, हे दोन्हीकडे साधारण सारखंच. तिकडे फॅमिली कोर्टात पालक व पाल्य अधिनियम १८९० खाली जाता येतं. हिंदू कुटुंब असेल तर १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्याचं कलम १३ आहेच, तिथेही मुलाचं हित सर्वात वर. आई ही बापाच्या मागून दुय्यम, असं नाही, सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्ये गीता हरिहरन केसमध्ये ते सांगून झालंय. लोक २०२२ चा जेकब पुलियेल निकाल पुढे करतात की कोणावर लसीची जबरदस्ती करता येत नाही, पण तो सरकार आणि नागरिक यांच्यातला वाद होता, कोविडच्या लसीचा. दोन पालकांत एकाने दुसऱ्याला अडवायला तो उपयोगाचा नाही.

इकडचं मूल सुट्टीत इंडियात नेऊन तिकडेच लस देऊन आणू, किंवा लस टाळायला तिकडेच ठेवू, असले सल्ले देणारे काका प्रत्येक घरात असतात. दुसऱ्याच्या संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेणं हा इकडे गुन्हा होऊ शकतो, आणि परदेशात नेलेली मुलं परत पाठवायच्या हेग करारात भारत नाही म्हटल्यावर जज अशा गोष्टीकडे फार संशयाने बघतात. लसीचं साधं प्रकरण मग अपहरणाचं होतं.

ऑर्डर मिळाली, आता सुई

मैत्रिणीची केस पहिल्याच तारखेला संमतीने मिटली. नवऱ्याचा आक्षेप शेवटी जिलेटिनवरच येऊन थांबला होता, प्रायोरिक्सवर दोघं तयार झाले, आणि हे जर त्याने त्या ईमेलमध्ये लिहिलं असतं तर चार महिने आणि फी वाचली असती.

अपॉइंटमेंट घेताना ब्रँडचं आधीच सांगून ठेवा, सर्जरीला मागवावा लागतो. लस झाली की रेड बुकच्या पानाचा फोटो त्याच संध्याकाळी दुसऱ्याला पाठवा. आणि एक गोष्ट आधीच कळवून ठेवा, एमएमआरनंतरचा ताप त्या रात्री येतोच असं नाही, गोवराच्या भागामुळे तो सहा ते दहा दिवसांनी येऊ शकतो, थोडं पुरळही. म्हणजे लस तुमच्या आठवड्यात आणि ताप त्याच्या वीकएंडला. मैत्रिणीने कॅलेंडर बघून दिवस मोजले, मुलाच्या बॅगेत पॅरासिटॅमॉलची बाटली घातली आणि वर चिठ्ठी लावली की ताप आला तर किती द्यायचं आणि कधी १११ ला (एनएचएसची हेल्पलाइन) फोन करायचा. शनिवारी रात्री ताप आला, त्याचा फोन आला, बाटलीबरोबरचा मापाचा चमचा सापडत नव्हता म्हणून.